अठरा फेब्रुवारीचा पाय

३ एप्रिल, गुरुवार

आज गाड्या वाटल्या. पांढरी मला, करडी कुलदीपला. चौदा वर्षं या कंपनीत टेस्ट ड्रायव्हर म्हणून घासली, आणि नवं ताट वाढलं ते गेल्या दिवाळीत आलेल्या पोरापुढे.

तसं पाहिलं तर दोन्ही गाड्या एकाच दिवशी कारखान्यातून निघालेल्या. दोन्ही हायब्रीड. पेट्रोलचं इंजिन आहे, शिवाय बॅटरीवर चालणारी मोटर आहे, आणि कुठल्या क्षणाला कोणी राबायचं ते आतला प्रोग्राम ठरवतो. फरक आहे तो त्या प्रोग्रामचा. पांढरीत जुना. त्याचं डोकं सरळ: बॅटरी पंचेचाळीस टक्क्यांच्या खाली गेली की इंजिन सुरू, मग गाडी मोकळ्या रस्त्यावर पळत असो की मलकपेठच्या रेल्वे पुलाखाली तासभर अडकलेली असो. करडीत आमच्या इंजिनिअर शर्वरी मॅडमनी लिहिलेला नवा. त्याला पुढचा रस्ता ठाऊक असतो. पुढे गर्दी आहे हे बघून तो आधीच बॅटरी भरून ठेवतो.

यात एवढं नवल काय? फेब्रुवारीत मॅडम माझ्या शेजारी बसायच्या, तेव्हा मीच सांगितलं होतं. म्हटलं, ही माझी स्वतःची गाडी असती तर मी अंबरपेठच्या मोकळ्या रस्त्यावर इंजिन जरा जास्त पळवलं असतं, बॅटरीचं पोट भरून घेतलं असतं, आणि पुलाखाली इंजिनाला झोपवलं असतं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग माझ्या डब्यातलं बायकोच्या, त्रिवेणीच्या हातचं धपाटं खाल्लं. मुलगी पुण्याची, पण धपाटं कसं खायचं ते तिला कळतं, दह्याबरोबर.

आणि आता नवी गाडी कुलदीपला.

चार आठवडे, रोज दोन फेऱ्या. शेवटच्या आठवड्यात ड्रायव्हरांची अदलाबदल. पाच मेला प्रकल्पाचे प्रमुख प्रमोद सर आकडे बघणार आणि नवा प्रोग्राम ठेवायचा की गुंडाळायचा ते ठरवणार. गुंडाळला तर मॅडमची तीन वर्षं पाण्यात.

७ एप्रिल, सोमवार

पहिला दिवस. उप्पलहून निघायचं, रामंतापूर, अंबरपेठ, मलकपेठ, चादरघाट, सुलतान बाजार, काचीगुडा, बरकतपुरा, विद्यानगर, अडिकमेटचा पूल, तारनाका आणि परत. दोन गाड्यांमध्ये दहा मिनिटांचं अंतर. पेट्रोल मोजून, बॅटरी साठ टक्क्यांवर ठेवून निघायचं आणि साठावरच आणून उभी करायची, म्हणजे कोणी बॅटरी खाऊन पेट्रोल वाचवलं असं व्हायला नको.

मला इथे सगळे ‘काटा’ म्हणतात, तराजूचा काटा. टेस्ट ड्रायव्हरने गाडी चांगली चालवायची नसते, सारखी चालवायची असते. कालच्यासारखी आज, आजच्यासारखी उद्या, साध्या माणसासारखी. बायकोशी भांडण झालं तरी पाय तसाच पडला पाहिजे. माझा पडतो.

कुलदीपने पहिल्याच दिवशी घोळ घातला. फेरीच्या वहीत टायरची हवा ३३ लिहायची ती ३५ लिहिली, आणि मग ५ चा ३ करायला त्यावर गिरवलं.

म्हटलं, “हे पान बाद.”

“कायकू काका? जरासं तर गिरवलो.”

“गिरवलेलं पान बाद. एका रेघेने खोडायचं, शेजारी लिहायचं, सही करायची. खालचं वाचता आलं पाहिजे. आणि पान फाडलंस तर अख्खी वही बाद. मूळ वही म्हणजे मूळ वही. नक्कल करून आणलेला कागद इथे चालत नाही.”

“हौ काका,” म्हणाला आणि हसला. त्याचं हसू फार स्वस्त आहे. बरकतपुऱ्यात वडिलांचं चालतं दुकान, घरची गाडी, आणि हा हौस म्हणून ड्रायव्हर झालेला. मराठी घरातला असून मराठी वाचताना अडखळतो. पण स्क्रीनवरचं इंग्रजी फाडफाड वाचतो. मॅडमना तेच आवडत असणार.

मॅडम आज करडीत बसल्या. दोन्ही फेऱ्या.

९ एप्रिल, बुधवार

पांढरी २१.६. करडी २३.३. लिटरमागे पावणेदोन किलोमीटरांचा फरक.

कँटीनमध्ये कुलदीप सगळ्यांना सांगत होता, “अपनी गाडी मस्त चालरी.” अपनी गाडी! चालवतो प्रोग्राम, मिशांना ताव देतो हा. मॅडम आजही करडीतच.

११ एप्रिल, शुक्रवार

आठवड्यात एकदाही मॅडम माझ्या गाडीत बसल्या नाहीत. आज मीच विचारलं. पार्किंगमध्ये त्या करडीचं दार उघडत होत्या. हातात कागदांचा गठ्ठा, नागमोडी रेघांचे आलेख.

“मॅडम, पांढरीत एक फेरी नाही का मारणार? रस्ता तोच आहे, सीट जरा मऊ आहे.”

त्या हसल्या. “काका, तुमची मला काळजीच नाही. तुमचा लॉग तर मी उघडतसुद्धा नाही. कुलदीपचा मात्र रोज बघावा लागतो.”

आणि बसल्या करडीत.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. लॉग म्हणजे गाडीच्या पोटातली नोंद. पाय किती दाबला, ब्रेक कधी लावला, सगळं सेकंदासेकंदाला त्यात उतरतं. माझा उघडतसुद्धा नाहीत! म्हणजे मी मेलो की जगलो, त्यांना काय. जुना माणूस, जुना प्रोग्राम, जुनी गाडी. एका खोक्यात घालून ठेवलं की झालं. कुलदीपचा मात्र रोज बघतात, कौतुकाने.

लिहूनच ठेवतो. शर्वरी मॅडमना माणसं ओळखता येत नाहीत. दोन महिने माझ्या डब्यातलं खाल्लं, माझ्याकडून रस्ता शिकल्या, आणि गरज सरो वैद्य मरो. इतका राग मला माझ्या सख्ख्या भावाचाही आला नव्हता, आणि त्याने तर उदगीरचं घर परस्पर विकलं होतं.

१३ एप्रिल, रविवार

त्रिवेणीने विचारलं, “आज वहीत एवढं काय खरडायलाव? जेवण गार झालं.”

सांगितलं. तिने ऐकलं, ताटात भात वाढला आणि म्हणाली, “त्या लेकराला नवी गाडी दिली म्हणून तुम्ही जळायलाव?”

“जळत नाही. अन्याय सांगतोय.”

“हौ, अन्यायच. मागच्या खेपेला शेजारच्या रेड्डीने फ्रीज घेतला तवा बी तुमच्यावर अन्यायच झाला होता.”

ही बाई चौतीस वर्षं माझ्याबरोबर आहे आणि एकदाही माझ्या बाजूने बोललेली नाही. मी जळत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की जुन्या गाडीत काय दम आहे ते कोणीतरी दाखवायला पाहिजे.

१५ एप्रिल, मंगळवार

आज दाखवलं.

बूट काढून चालवली. अनवाणी पायाला पेडलमधला केसाएवढा फरक कळतो. अंबरपेठला रस्ता मोकळा होता, तिथे जरा दाबून इंजिन जागं ठेवलं, बॅटरी सत्तरवर नेली. मग मलकपेठच्या पुलाखाली सतरा मिनिटं अडकलो, पण इंजिन एकदाही लागलं नाही. आजूबाजूला ऑटो धूर ओकत होते आणि मी देवळात बसल्यासारखा शांत. सुलतान बाजारात माणसं गाडीच्या नाकासमोरून चालतात, तिथे ब्रेक न लावता दुरूनच पाय सोडत गेलो, म्हणजे चाकांचा जोर परत बॅटरीत जातो. अडिकमेटचा पूल उतरताना तर एक थेंब जाळला नाही. शेवटी बॅटरी बरोबर साठावर.

२२.५!

चौदा वर्षांत पहिल्यांदा मी गाडी चांगली चालवली. इतकी मजा येते हे विसरलो होतो. हे टेस्टच्या नियमात बसत नाही, हे मला कळतं. पण मॅडम माझा लॉग उघडतच नाहीत ना? मग कळणार कोणाला.

१७ एप्रिल, गुरुवार

काल २२.६, आज २२.७. प्रमोद सर थांबून म्हणाले, “अरे, पांढरी सुधारतेय की. नवे टायर आता सेट झाले असणार.”  त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लगेच सापडतं.

करडी २३.३ वरच. आज कुलदीप हसला नाही.

२१ एप्रिल, सोमवार

इंजिनाला समजावलं, बॅटरीला समजावलं, तरी पाव-अर्धा किलोमीटर उरतोच. तो कुठून काढायचा, ते सकाळी सातला पंपाशी उभा असताना सुचलं.

टायरमध्ये हवा ३३ लागते. मी ३८ भरली. कडक टायर हलका पळतो, पोराटोरांना माहीत आहे. हवेचा आकडा गाडीच्या लॉगमध्ये उतरत नाही. तो माझ्या हाताने फेरीच्या वहीत लिहिला जातो. मी ३३ लिहिलं. गिरवलं नाही, खोडलं नाही, स्वच्छ अक्षरात ३३.

खरा आकडा ३८, हे इथे लिहून ठेवतो. ही वही त्रिवेणीने सुलतान बाजारातून आणलेली, हिच्यात मी खोटं लिहीत नाही. एका ठिकाणी तरी खरं असू दे.

२३.४.

२३ एप्रिल, बुधवार

हवा ३८. आज २३.८, करडी २३.२. सलग तिसरा दिवस पांढरी पुढे. प्रमोद सरांनी कँटीनमध्ये माझ्या पाठीवर थाप मारली. “काटा, जुनं ते सोनं, काय!” सगळ्यांसमोर. मला वाटलं होतं की याहून जास्त आनंद होईल.

मॅडम टेबलाशी एकट्या बसल्या होत्या. डबा उघडलेला, पण हात लावलेला नाही. समोर कुलदीपच्या आठ दिवसांच्या आलेखांची रास. त्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये चूक शोधत होत्या. मला बघून म्हणाल्या, “काका, मला कळतच नाही मी कुठे चुकले. पांढरीचं ठीक आहे, तिथे तुम्ही आहात. म्हणजे चूक माझ्याकडेच असणार.”

मी म्हटलं, “जेवून घ्या.”

त्यांचे डोळे लाल होते. असू देत. माझेही होते, अकरा तारखेला. माझ्याकडे कोणी बघितलं होतं?

२५ एप्रिल, शुक्रवार

हवा ३८. चौकीदाराला पंपाशी माझी लवकर येण्याची सवय झाली आहे, तो चहा आणून देतो.

पुढच्या आठवड्यात अदलाबदल होती. कुलदीप पांढरीत बसला असता तर साध्या पायाने आणि ३३ हवेने गाडी पुन्हा एकवीसवर आली असती आणि माझं पितळ उघडं पडलं असतं. चार रात्री मला धड झोप नाही.

आज प्रमोद सरांनी सांगितलं, अदलाबदल रद्द. “रिझल्ट इतका क्लियर आहे. जुना प्रोग्राम फुकटात पडतो, नव्याला वर नकाशाचं यंत्र लागतं. अजून एक आठवडा तेच चालवा आणि विषय संपवू.” मॅडमनी वहीवर पेन आडवं ठेवलं आणि बघत बसल्या.

मी सुटलो. आता कोणालाच कळणार नाही. घरी येताना त्रिवेणीला मोगऱ्याचा गजरा घेतला. तिने विचारलं, “कायकू? काय केलाव?” गजऱ्यावरून कोणी असा प्रश्न विचारतं का?

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. हवा ३८. आमरस-पुरी होती. त्रिवेणीने मॅडमना बोलावलं होतं, फोन मी लावून दिला. मॅडम म्हणाल्या, येता येणार नाही काकू, सामान आवरतेय. पुण्याला बोलावलं तर पटकन निघता यावं म्हणून. मग म्हणाल्या, काकांना सांगा, त्यांच्यामुळे एक तरी आकडा असा आहे की ज्यावर शंका घेता येत नाही.

त्रिवेणीने फोन ठेवून मला जसंच्या तसं सांगितलं. आमरस आज आंबट होता. ती म्हणते गोड होता.

२ मे, शुक्रवार

शेवटचा दिवस. हवा ३८. २३.९. आकडा लिहिला आणि वही मिटली.

नंतर जे झालं ते जमेल तसं लिहितो.

गाड्या धुवायला द्यायच्या होत्या. कुलदीप करडीतलं त्याचं सामान काढत होता. म्हणाला, “काका, जरा इकडं या ना. हे मराठीत काय लिहून हाय? महिनाभर बघायलो, समजेना.”

स्टिअरिंगच्या बाजूला, स्पीडच्या काट्याखाली, चिकटपट्टीने एक कागद लावलेला होता. नागमोडी रेघ. पाय किती दाबला त्याचा आलेख. मॅडम अकरा तारखेला हातात घेऊन फिरत होत्या तसलाच. रेघेच्या डोक्यावर मॅडमच्या बारीक अक्षरात शाईने दोन ओळी होत्या.

म्हटलं, “तुला दिला कशाला हा?”

“मॅडम बोलल्या, तुझा पाय सारखा सारखा बदलायला. ही रेघ बघून चालव. रोज बाजूला बसून हेच बोलायच्या, इथं सोड, इथं दाब, रेघेच्या बाहर नक्को जाऊ. दिमाग खाल्ला काका त्या रेघेनं. पन आता जमायलं जरा. वाचा ना, कुणाची हाय?”

मी वाचलं. मोठ्याने वाचायला लागलं, कारण तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

“१८ फेब्रुवारी, पहिली फेरी. हिम्मतकाका. हा पाय प्रमाण मानावा. पुढच्या सगळ्या चाचण्यांत पांढरी गाडी, म्हणजे तुलनेचा पाया, त्यांच्याकडेच ठेवावी. तिथे शंका नको.”

कुलदीप म्हणाला, “अरे! तुमची हाय काका? तरीच. मॅडमला मी बोललो पन होतो, कोन हाय हा मानूस, मशीन हाय का.” आणि हसला. त्याचं हसू स्वस्त आहे असं मी वर कुठेतरी लिहिलंय. ते तसं नाही.

महिनाभर तो माझ्यासारखा चालवायला शिकत होता. आणि तोच महिना मी माझ्यासारखा चालवायचं सोडून दिलं होतं.

मॅडम त्याचा लॉग रोज बघत होत्या, कारण त्याच्यावर भरवसा नव्हता. माझा उघडला नाही.

४ मे, रविवार

उद्या अकरा वाजता बैठक.

सकाळपासून हिशेब करतोय की गप्प बसलो तर काय होईल. काहीच होणार नाही. मला काटा म्हणत राहतील. कुलदीप राहील, मी राहीन, मॅडम पुण्याला जातील. गाडी जुन्या प्रोग्रामसकट बाजारात जाईल, आणि जो घेईल त्याला एकवीस मिळतील. तो म्हणेल कंपनीने फसवलं. खरंच आहे, फसवलंच.

बोललो तर माझं तोंड काळं. आणि नुसतं बोलून भागणारही नाही. फेरीच्या वहीत माझ्या सहीने रोज ३३ लिहिलंय. पाय कधी बदलला ते लॉगमध्ये सापडेल, पण हवा कोणत्या दिवसापासून वाढवली ते कुठेच नाही. ते ठाऊक नसेल तर चारही आठवडे बाद. मग मॅडमच्या हाती बैठकीत काय उरणार? तारखा हव्यात. आणि त्या इथे आहेत, या वहीत, त्या-त्या दिवशी लिहिलेल्या. चौदापर्यंत स्वच्छ. पंधरापासून पाय. एकवीसपासून हवा.

एका कोऱ्या कागदावर तारखा उतरवून काढल्या. सुंदर अक्षरात. मग बघत बसलो. हा कागद मी स्वतःच कोणाकडून घेतला नसता. नक्कल चालत नाही, मूळ वही म्हणजे मूळ वही.

मग म्हटलं, वहीच द्यावी, पण अकरा तारखेचं पान तेवढं काढून. त्या पानावर मॅडमना जे लिहिलंय ते कोणाच्या लेकीला वाचायला देण्यासारखं नाही. पान बोटांत धरलं होतं. त्रिवेणी दारात उभी होती. तिला मी दुपारीच सगळं सांगितलं होतं.

“फाडायलाव?”

“पान फाडलं तर अख्खी वही बाद होते,” मी म्हटलं.

“मग नका फाडू,” ती म्हणाली आणि आत गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला.

१३ तारखेचं तिचं बोलणंही मॅडम वाचतील. रेड्डीच्या फ्रीजचं. वाचू देत.

५ मे, सोमवार, सकाळी आठ

पार्किंगमध्ये बसून लिहितोय. मॅडमची स्कूटी आत्ता आली. ही या वहीतली शेवटची नोंद. हवेचा गेज खिशात आहे, पांढरीची चारही चाकं त्यांच्यासमोर मोजून दाखवणार. हवा ३८ आहे. मी उतरवली नाही.

१२ मे, सोमवार

(वही अजून कंपनीत आहे. हे कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहितोय.)

त्या दिवशी मी बोललो तेव्हा मॅडम गाडीला टेकून उभ्या होत्या. पूर्ण ऐकलं. एकच विचारलं, “कोणत्या तारखेपासून?” मी वही पुढे केली. म्हटलं, सगळं यात आहे, आणि यात तुमच्याबद्दल जे आहे तेही माझंच आहे. त्या तिथेच, सीटवर बसून वाचायला लागल्या. सात तारखेपासून. मी पुढच्या चाकापाशी उभा. अकरा तारखेच्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या. मग पान उलटलं. त्यानंतर गेज मागितला, स्वतः वाकून चारही चाकं मोजली आणि आकडे लिहून घेतले.

बैठकीत प्रमोद सर म्हणाले, “फेरीच्या वहीत तर तेहतीस आहे. आता हे तोंडी अडतीस म्हणतात. कशावर विश्वास ठेवायचा?”

मॅडमनी माझी वही टेबलावर ठेवली. “मूळ नोंद आहे सर. रोजची. एकही पान फाडलेलं नाही.”

पहिले सहा दिवस ग्राह्य धरले. त्यात करडी पावणेदोन किलोमीटरांनी पुढे. बाकी सगळं बाद. प्रकल्प चालू राहिला. जुलैअखेरपर्यंत पुन्हा चाचण्या, या वेळी अदलाबदलीसकट. मॅडमनी आवरलेलं सामान परत लावलं असावं.

मला नोकरीवरून काढलं नाही. चाचणीवरून काढलं. आता गाड्या धुवायला नेतो, आणतो, पंपावर लावतो. कँटीनमध्ये मी आलो की बोलणं जरा थांबतं, मग पुन्हा सुरू होतं. मला आता कोणी काटा म्हणत नाही.

मॅडम समोर आल्या की थांबतात, नीट बोलतात. आज म्हणाल्या, “हिम्मतराव, पांढरीत पेट्रोल भरून ठेवाल का?” हिम्मतराव. हाक चुकीची नाही, माझं नावच आहे. त्रिवेणीला सांगितलं. उद्याच्या डब्यात तिने दोन धपाटी जास्त घातलीत. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

सकाळी दोन्ही गाड्या निघाल्या. पांढरीत कुलदीप, करडीत बबलू म्हणून नवीन ड्रायव्हर. हवा मी भरली, मॅडमनी पुन्हा मोजली. कुलदीप काच खाली करून म्हणाला, “काका, मलकपेठच्या पुलाखाली काय करू?” म्हटलं, काही करू नको, रेघ बघ.

दोन्ही गाड्यांत स्टिअरिंगजवळ तो कागद लावलेला आहे, अठरा फेब्रुवारीचा. मी पुसायला आत बसलो होतो तेव्हा बघितला. मला आता कुलदीपचा हेवा वाटत नाही. त्या कागदावरच्या माणसाचा वाटतो. मॅडम त्याला अजून हिम्मतकाका म्हणतात, तसं वर लिहिलेलंच आहे. तो रोज दोन फेऱ्या मारतो, रेघ सोडत नाही, आणि त्याचा लॉग कोणी उघडत नाही.